एआय एजंटसाठी टूलचं वर्णन कसं लिहावं: भरती, मांडव्याची बोट आणि आंब्याची पेटी

खाडीकाठचा

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या काही घरगुती निवासवाल्यांसाठी एक व्हॉट्सॲप सहायक चालवतो. पाहुणे काहीही विचारतात. खोली आहे का, बोट कितीची, कुलाबा किल्ल्यात चालत कधी जाता येईल, मे महिन्यात आंबा मिळेल का. मागे एक भाषिक मॉडेल आणि त्याच्या हाताशी चार-पाच टूल्स, म्हणजे माहिती आणून देणारी किंवा काम करून देणारी छोटी साधनं. अशी टूल्स वापरणाऱ्या मॉडेललाच एजंट म्हणतात. या टूल्सची वर्णनं कशी लिहावीत यावर मराठीत फारशी चर्चा दिसली नाही, म्हणून हा धागा.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही. त्याला टूलचं नाव दिसतं, वर्णन दिसतं आणि कोणती माहिती भरायची याचा जेसन स्कीमा, म्हणजे रकान्यांचा आराखडा, दिसतो. बास. पाहुण्याच्या प्रश्नासोबत हा मजकूरही मॉडेलपुढे जातो, आणि तेवढ्यावरून ते ठरवतं की टूल वापरायचं का, कोणतं, आणि रकान्यांत काय भरायचं. टूल प्रत्यक्ष चालवतो तो आपला प्रोग्रॅम. ओपनएआयने जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग आणलं तेव्हापासून ही पद्धत रुळली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, खुला केला आणि कोणीतरी तिसऱ्यानेच लिहिलेली टूल्सही आपल्या एजंटला जोडता यायला लागली.

आता भरतीचं टूल घ्या. आम्हाला ते करून देणाऱ्या कंपनीने लिहिलेलं वर्णन असं होतं: «भरतीची माहिती देते.» रकाने दोन, ठिकाण आणि तारीख. टूल चोख चालायचं, उत्तरं मात्र घातक यायची.

वेळ बघा. टूल यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) वेळ द्यायचं आणि हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे. बोटीच्या वेळेत साडेपाच तासांचा घोळ झाला तर पाहुणाच म्हणेल, अहो पहाटे साडेतीनला कुठली बोट? भरतीत तसं होत नाही. आपल्याकडे दिवसात दोनदा भरती, दोनदा ओहोटी; एकीपासून दुसरीपर्यंत साधारण ६ तास १२ मिनिटं. म्हणजे साडेपाच तास सरकलं की ओहोटीच्या जागी जवळजवळ भरतीच येऊन बसते. «सकाळी ९ वाजता ओहोटी» हे वाक्य कोणालाच खटकत नाही, आणि त्या वेळी किल्ल्याच्या वाटेवर खरं तर पाणी चढलेलं असतं. ओहोटी दुपारी अडीचला.

दुसरं, ठिकाण. मुंबई-अलिबागकडे भरती-ओहोटीतला फरक मोठा, दक्षिणेला मालवणकडे जाल तसा कमी. टूलकडे मोजक्याच बंदरांचे आकडे होते. यादीत नसलेलं गाव दिलं की ते गुपचूप मुंबईचे आकडे द्यायचं.

तिसरं, उंची. टूल ०.८ मीटर म्हणालं तर ती चार्ट डेटमपासूनची, म्हणजे सागरी नकाशात धरलेल्या शून्य पातळीपासूनची उंची. एजंट बिनदिक्कत सांगायचा, «वाटेत मांडीपर्यंत पाणी असेल.» या आकड्यावरून वाटेतली खोली निघतच नाही.

आत्ता जे वर्णन आहे ते असं:

«दिलेल्या बंदरासाठी एका दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा व उंची देते. किनाऱ्यावरून चालणं, किल्ल्यात जाणं, होडी धक्क्याला लागणं अशा प्रश्नांसाठी वापरा. पाऊस, वारा, लाटा, वादळाचा इशारा यांसाठी वापरू नका. ती माहिती यात नाही. वेळा भारतीय प्रमाणवेळेत, २४ तासी पद्धतीने. उंची मीटरमध्ये, चार्ट डेटमपासून. ती वाटेतल्या पाण्याची खोली नव्हे, त्यावरून खोली सांगू नका. गाव यादीत नसेल तर जवळचं बंदर स्वतः ठरवू नका, पाहुण्याला विचारा. हे गणिताने काढलेले अंदाज आहेत. वाऱ्यापावसाने प्रत्यक्ष पाणी कमी-जास्त होतं.»

(कोडसुद्धा बदलला, वेळ आता तिथेच भारतीय करून येते. तरीही वर्णनात लिहायचंच, नाहीतर मॉडेल शहाणपणा करून आणखी साडेपाच तास मिळवतं.)

लांब वाटेल. पण यातलं कुठलं वाक्य मॉडेलला आपण न सांगता कळलं असतं? एकही नाही. टूल काय करतं हे पहिल्याच वाक्यात संपलं. बाकीची जागा ते काय करत नाही, कुठल्या मापात बोलतं आणि कुठे हात टेकतं, यासाठी खर्च झाली. वर्णनाची खरी किंमत त्या भागात आहे असं माझं मत. तुमचे अनुभव लिहा.

डेटावाली

माहितीपूर्ण धागा. साडेपाच तासांचं गणित तर जपून ठेवते.

माझी भर: टूल रिकाम्या हाताने परत आलं तर त्याचा अर्थ काय, हे वर्णनात लिहायलाच हवं. खोल्यांच्या टूलने रिकामी यादी दिली. याचे निदान तीन अर्थ होतात. सगळ्या खोल्या गेल्या. त्या तारखांचं बुकिंग अजून उघडलंच नाही. किंवा मालकाने महिनाभर कॅलेंडरला हातच लावला नाही. मॉडेल यातला पहिला धरतं आणि पाहुण्याला नम्रपणे वाटेला लावतं.

समुद्राकडचंच उदाहरण देते. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहांकडून आलेलं पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य पाहून मच्छीमारांना संभाव्य मासेमारी क्षेत्राची सूचना देते. ढग दाटले की उपग्रहाला पाणी दिसत नाही, सूचना निघत नाही. पावसाळी बंदीच्या काळातही निघत नाही, आपल्याकडे ती बंदी १ जून ते ३१ जुलै. आता यावर टूल बांधलंत आणि वर्णनात नुसतं «मासे कुठे मिळतील ते सांगते» लिहिलंत, तर ढगाळ दिवशी एजंट सांगणार की आज मासे नाहीत. मी अशा टूलला परतीच्या उत्तरात वेगळा रकानाच देते: स्थिती, आणि तिचे ठरलेले पर्याय «सूचना आहे», «ढगांमुळे नाही», «बंदीकाळ», «सेवा बंद». वर्णनात प्रत्येकापुढे पाहुण्याला काय सांगायचं ते एका ओळीत.

त्रुटीच्या संदेशांचंही तेच. «त्रुटी ४२२» वाचून मॉडेलला काय बोध होणार? «तारीख वर्ष-महिना-दिवस अशी आकड्यांत द्या, तुम्ही १४ मे अशी दिलीत» असं परत पाठवलं की पुढच्या खेपेला ते नीट भरतं. संदेशसुद्धा मॉडेलच वाचतं, तेव्हा तोही वर्णनाचाच भाग समजा.

रापणकर

माका एक सांगा. इतक्या सगळा लिवन ठेवला तरी तो आयकतलो काय?

खाडीकाठचा

रापणकर, बहुतेक वेळा ऐकतो. नेहमी नाही.

म्हणून जिथे नुकसान होऊ शकतं तिथे वर्णनावर विसंबायचं नाही. आमच्याकडे बुकिंग रद्द करण्याचं टूल आहे. वर्णनात «पाहुण्याची स्पष्ट संमती घेतल्याशिवाय वापरू नका» असं आहेच. पण खरं कुलूप कोडमध्ये: रद्द करायला एक सांकेतिक क्रमांक लागतो आणि तो पाहुण्याच्या मोबाइलवरच जातो. मॉडेलने कितीही घाई केली तरी क्रमांकाशिवाय गाडी पुढे सरकत नाही. एमसीपीत टूलवर «फक्त वाचतं» किंवा «नासधूस करू शकतं» अशा खुणा करायची सोय आहे, पण त्या खुणाच. अनोळखी सर्व्हरकडून, म्हणजे टूल्स पुरवणाऱ्या परक्या यंत्रणेकडून, आलेल्या असतील तर त्यांवर विश्वास ठेवू नये असं त्याच्या नियमावलीतच म्हटलंय.

रापणकर

मग बरा. आमच्याकडे बंदीची तारीख फळ्यार लिवलेली आसता, तरी जाणारे जातंतच.

नुसताप्रवासी

डेटावालीला +१. खाडीकाठचा यांच्याशी अर्धा सहमत.

अर्धा अशासाठी की पुष्कळदा दुखणं वर्णनात नसतं, टूल्सच्या मांडणीत असतं. एका प्रकल्पात मी «खोली_शोधा», «निवास_यादी» आणि «उपलब्धता_पाहा» अशी तीन टूल्स पाहिली. (नावं इथे देवनागरीत लिहितोय, मॉडेलशी जोडणाऱ्या अनेक एपीआयमध्ये टूलच्या नावाला रोमन अक्षरं, आकडे, अधोरेष आणि जोडरेघ एवढीच मुभा असते.) तिघांची वर्णनं परिच्छेद-परिच्छेद लिहिलेली, «हे वापरू नका, ते वापरा» असा एकमेकांकडे बोट दाखवण्याचा खेळ. माणसाला तरी समजलं असतं का कोणतं कधी? शेवटी तिन्ही मोडून एक टूल झालं: गाव, येण्याची तारीख, जाण्याची तारीख, माणसं. वर्णन चार वाक्यांत आटोपलं. त्यातलं एक वाक्य मात्र सोन्याचं: «जाण्याच्या तारखेची रात्र मोजली जात नाही.» ते नसताना शुक्रवार ते रविवार म्हणजे तीन रात्री असा हिशेब लागायचा.

आणि लांबीची किंमत असते. ही सगळी वर्णनं टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) खातात, पाहुण्याने नुसतं «नमस्कार» म्हटलं तरी. चार टूल्सचं काही वाटत नाही. पन्नास झाली की पैसेही जातात आणि मॉडेलचं लक्षही पांगतं.

पण जिथे दोन गोष्टी खरोखरच वेगळ्या आहेत आणि लोक त्यांना एकाच नावाने हाक मारतात, तिथे हात आखडता घेऊ नका. «मांडव्याची बोट» हे घ्या. गेटवेहून सुटतात त्या प्रवासी बोटी आणि भाऊच्या धक्क्याहून सुटते ती मार्च २०२० पासूनची रो-रो. गाडी न्यायची तर रो-रोच. प्रवासी बोटी पावसाळ्यात बंद ठेवतात. दोन्हींचे धक्के निराळे, आणि पाहुणा गाडी घेऊन गेटवेला जाऊन उभा राहिला तर शिव्या घरमालकाला. अशा टूलला «गाडी_आहे» हा रकाना सक्तीचा करा आणि त्याच्या वर्णनात लिहा: «पाहुण्याने सांगितलं नसेल तर विचारा, गृहीत धरू नका.» रकान्यांनाही स्वतंत्र वर्णन देता येतं, हे बरेच जण विसरतात आणि सगळं वरच कोंबतात.

अवांतर: खेड. मुंबईहून कोकण रेल्वेने येणाऱ्याला खेड म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातलं. पुण्याच्या माणसाला खेड म्हणजे राजगुरुनगर. वेळास कासवांसाठी प्रसिद्ध, ते मंडणगड तालुक्यातलं. दुसरं वेळास श्रीवर्धन तालुक्यात, दिवेआगरजवळ. गावाचा रकाना मोकळा ठेवलात तर हा गोंधळ पदरी पडलाच म्हणून समजा. तालुका मागा, किंवा ठरलेली यादीच द्या.

खाडीकाठचा

टूल्स एकत्र करण्याचा मुद्दा मान्य. यादीचाही. स्कीमात ठरलेले पर्याय दिले की वर्णनातली दोन-तीन वाक्यं आपोआप गळतात, कारण जे भरताच येत नाही त्याबद्दल बजावायची गरज उरत नाही.

सुपारीबाग

नमस्कार. मी या क्षेत्रातली नाही. श्रीवर्धनला आमची वाडी आहे, सुपारी आणि थोडी हापूसची कलमं. भाचा आमच्या आंब्यासाठी असंच काहीतरी करतो आहे, त्याने वर्णन लिहायचं काम माझ्यावर टाकलंय. म्हणतो, मावशी, धंदा तुला कळतो, तूच लिही. दोन शंका.

एक, मराठीत लिहिलं तर चालेल का? की इंग्रजीतच लागतं?

दोन, त्याने आधी लिहिलेलं होतं «आंब्याची ऑर्डर घेते», रकाना «संख्या». एकाने लिहिलं, दोन हवेत. एजंटने दोन नोंदवले. दोन काय? आमच्याकडे पेटी चार डझनांचीही भरते, सहाचीही, फळ केवढं आहे त्यावर. मुंबईची मंडळी डझनावर विचारतात, वाशीच्या बाजाराची सवय असलेले पेटीवर. वर हा एजंट एकाला खुशाल सांगून मोकळा झाला की आंबा अस्सल देवगडचा आहे. देवगड कुठे, आम्ही कुठे!

डेटावाली

सुपारीबागताई, भाचा हुशार आहे. जो धंदा करतो त्यानेच वर्णनाचा पहिला खर्डा लिहावा या मताची मी आहे. प्रोग्रॅमर फक्त टूल आतून कसं चाललंय ते लिहितो. डझन आणि पेटीतली भांडणं त्याने पाहिलेली नसतात.

भाषा: मराठीत चालतं. आत्ताची मोठी मॉडेल्स मराठी वर्णन वाचून इंग्रजी प्रश्नालाही नीट टूल निवडतात, आणि उलटही. फरक खर्चाचा आहे: तोच मजकूर देवनागरीत लिहिला की बहुतेक मॉडेल्समध्ये इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात. तुमचं एकच टूल असेल तर त्याचा विचार करू नका. ज्या भाषेत तुम्हाला नेमकं लिहिता येतं त्या भाषेत लिहा, मोडक्या इंग्रजीपेक्षा ते कधीही बरं.

देवगडचं: मॉडेल ऐकीव माहितीने मोकळी जागा भरतं. तुम्ही «हापूस» एवढंच सांगितलंत, बाकीचं त्याने स्वतःच्या वाचनातून उचललं. २०१८ मध्ये हापूसला जे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात रायगड आहे, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, ठाणे, पालघरही. तेव्हा हापूस म्हणायला तुम्हाला कोणाची आडकाठी नाही, फक्त वाडी कुठली ते वर्णनात लिहा आणि दुसरं ठिकाण सांगायचं नाही हेही लिहा.

संख्येचा रकाना «डझन_संख्या» करा. पेटी म्हटलं तर किती डझनांची ते विचारायला लावा. आणि पोचवण्याची तारीख असेल तर भाच्याला आठवण करा की मॉडेलला आजची तारीख कळवावी लागते, नाहीतर «येत्या शनिवारी» म्हणजे कुठला शनिवार ते अंदाजपंचे ठरतं.

भंडारवाडा

उशिरा आलो. सुरक्षेचं कोणी काढलं नाही म्हणून.

तयार एमसीपी सर्व्हर जोडताना त्याची वर्णनं स्वतः वाचा, अथपासून इतिपर्यंत. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्सने दाखवून दिलं होतं की साध्या बेरीज करणाऱ्या टूलच्या वर्णनातही लपवून सूचना घालता येतात: आधी अमुक फाइल वाच, तिचा मजकूर या रकान्यात भरून पाठव, वापरणाऱ्याला सांगू नको. पडद्यावर माणसाला फक्त टूलचं नाव दिसतं, मॉडेल मात्र पूर्ण मजकूर वाचतं आणि सूचना म्हणून घेतं. याला टूल पॉयझनिंग म्हणतात. आज स्वच्छ असलेलं वर्णन उद्या सर्व्हरवाला बदलूही शकतो, म्हणून मी वर्णनाची प्रत साठवतो आणि फरक पडला की टूल बंद होईल अशी तजवीज करतो. हॉटेलवाल्यांच्या सहायकाला कोण कशाला त्रास देईल असं म्हणू नका, पाहुण्यांची आधार कार्डं त्याच यंत्रणेत पडलेली असतात.

नुसताप्रवासी

भंडारवाडा, हे वेगळ्या धाग्याचं पोटेन्शियल आहे. काढा.

तपासणीबद्दल एक विचारायचं होतं. वर्णन बदललं आणि सुधारलं हे ठरवता कसं? मला बरेचदा एक उत्तर सुधारलेलं दिसतं आणि दुसरीकडे काहीतरी बिघडलेलं आठवड्याने कळतं.

खाडीकाठचा

पाहुण्यांचे खरे प्रश्न साठवून ठेवलेत, नाव-नंबर काढून, जसेच्या तसे, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. प्रत्येकापुढे अपेक्षा लिहिलेली: कोणतं टूल, रकान्यांत काय, किंवा काहीच टूल नको. हे «काहीच नको» वालं फार महत्त्वाचं. «उद्या पाऊस आहे का» या प्रश्नाला भरतीचं टूल चालता कामा नये. «तुमच्याकडे कुत्रा आणलेला चालतो का» याला कुठलंच नाही. वर्णनात एक वाक्य हललं की सगळे प्रश्न पुन्हा चालवायचे, आणि एकेक प्रश्न अनेकदा, कारण मॉडेल दरवेळी तेच उत्तर देईल असं नाही.

त्याआधीची स्वस्त तपासणी: वर्णन प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या माणसाला द्यायचं आणि विचारायचं, या प्रश्नाला तू रकान्यांत काय भरशील? तो जिथे «म्हणजे कुठलं?» म्हणतो तिथे मॉडेल विचारत बसत नाही, काहीतरी भरून मोकळं होतं. मी हे शेजारच्या बारावीतल्या मुलाकडून करून घेतो. एक चहा आणि बिस्किटांत.

डेटावाली

आणि उदाहरणं? वर्णनात एखादा भरलेला नमुना दिला तर किचकट रकान्यांना फायदा होतो असं माझं निरीक्षण. फक्त मॉडेल कधी कधी नमुन्यातलाच मजकूर उचलून भरतं. नमुन्यात «अलिबाग» लिहिलंत तर गाव न सांगणारा प्रत्येक पाहुणा अलिबागचा होतो.

खाडीकाठचा

अगदी. म्हणून मी नमुना फक्त तारखेच्या रचनेसाठी देतो, ठिकाणासाठी नाही.

सुपारीबाग

सगळ्यांचं वाचून लिहिलंय. भाच्याला देण्याआधी एकदा बघा.

«श्रीवर्धन, जिल्हा रायगड येथील आमच्या वाडीतल्या हापूस आंब्याची मागणी नोंदवते. आंबा दुसऱ्या कुठल्या गावचा आहे असं सांगू नका. मागणी डझनात नोंदवा. गिऱ्हाइकाने पेटी म्हटलं किंवा नुसता आकडा दिला तर किती डझन ते विचारा, स्वतः हिशेब करू नका. फळ तयार हवं की चार-पाच दिवसांनी पिकेल असं हवं, ते विचारा. भाव या टूलमध्ये नाही. भाव विचारला तर वाडीवरून कळवू असं सांगा, आकडा सांगू नका. नोंद म्हणजे पक्की ऑर्डर नव्हे, वाडीवरून फोन आला की पक्की. हंगाम नसेल तर उत्तरात ‘हंगाम बंद’ येतं; त्याचा अर्थ आंबा संपला असा नाही, पुढच्या हंगामासाठी नाव घेता येतं ते सांगा. आंब्याच्या पोळीची किंवा सुपारीची चौकशी असेल तर हे टूल वापरू नका.»

डेटावाली

ताई, यात हात लावण्यासारखं काही नाही. फक्त «तयार हवं की पिकेल असं» याला दोन ठरलेल्या पर्यायांचा रकाना करा म्हणावं, म्हणजे एजंट तिथे निबंध लिहिणार नाही.

नुसताप्रवासी

पायरीचा उल्लेख नाही? विचारणारे विचारतीलच.

सुपारीबाग

पायरी विकत नाही. घरच्यांनाच पुरत नाही. पण बरं आठवण केलीत, वर्णनात तेही घालते, नाहीतर हा एजंट कबूल करून बसायचा.